मी लपवलेलं पाऊण इंच

वहिनी,

तुमच्या तेराव्याच्या आदल्या दिवशी मी आणखी एक घोळ घातला. माझ्या आधीच्या घोळांची यादी तुम्हाला तोंडपाठ होती, हा तिच्या शेवटी जोडून घ्या.

तुमचा फोटो मोठा करायला मी इतवाऱ्यात आपल्या दुकानासमोरच्या स्टुडिओत गेलो होतो. शाळेच्या निरोपसमारंभातला फोटो, तुम्ही माइकसमोर उभ्या, डावा खांदा नेहमीसारखा खाली, चेहऱ्यावर ‘आता भाषण आवरा, मुलांना भूक लागली आहे’ असा भाव. स्टुडिओवाला कॉम्प्युटरवर बघत म्हणाला, “मास्टर, कंधे बराबर कर दूँ? दो मिनट का काम है.” आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “कर दो.” सदतीस वर्षांची सवय, वहिनी. जीभ कात्रीच्या आधी चालली. त्यानं खांदा उचलला, मान मधोमध आणली, पदराची एक चुणी काढली. वर मी त्याला म्हणतो, “वा, क्या फिनिशिंग है.”

फ्रेम घरी आणली. दादानं चष्मा पुसून पाहिलं आणि परत पुसला. संध्या म्हणाली, “साडी तर वहिनींचीच आहे.” बायको आहे माझी, चूक सांगताना मला थोडी जागा ठेवते. पूर्वा हार घेऊन आली आणि दारातच थांबली.

“पप्पा, ही कोण?”

“अगं, मोठी मम्मी.”

“मोठी मम्मी अशी उभी राहायची? कधी?” तिनं हार टेबलावर ठेवला. “वापस करून आणा. मी हिला हार घालणार नाही.”

गेलो परत. स्टुडिओवाला म्हणे, “लोग सीधा करवाने आते हैं, आप टेढ़ा करवाने आए हो?” मी म्हटलं, “जैसी थीं वैसी कर दे भाई, घर में मार पड़ रही है.” आता भिंतीवर तुम्हीच आहात, खांद्यासकट. पोरीनं माझी लाज राखली, आणि पोरीला असं बोलायला कुणी शिकवलं ते आपल्या दोघांना ठाऊक आहे.

तुम्ही लग्न होऊन बुरहानपूरला लोधीपुऱ्यातल्या घरात आलात तेव्हा मी अठराचा होतो आणि बाबांनी नुकतीच मला कात्री धरू दिली होती. मोठी सून गणितात बीएस्सी झालेली आहे, शाळेत नोकरी लागणार आहे, हे सगळे मोठ्यानं सांगायचे. मग आवाज खाली यायचा आणि हातानं हवेत एक वळण काढलं जायचं. दादाला विचारलं तर तो म्हणाला, “मी तिच्याशी तासभर बोललो. मला पुरे.” दादाच्या मानानं ते व्याख्यानच होतं.

तुमचा पहिला ब्लाउज शिवायचा हट्ट मी धरला. आईनं माप घेतलं, मी लिहून घेतलं, एका बाजूचं. दुसरी बाजू पहिलीसारखीच असते, सगळी दुनिया तशीच शिवते. तुम्ही तो घालून बाहेर आलात तेव्हा उजवीकडे पाठीवर कापड ढोलकीसारखं ताणलेलं आणि डावीकडे झोळ. मला वाटलं, आता बाबा कात्री काढून घेणार. तुम्ही आरशात मान वळवून पाहिलंत आणि म्हणालात, “भाऊजी, घाबरू नका. माझं माप दोनदा घ्यावं लागतं. एका ब्लाउजमध्ये दोन बायका आहेत आणि दोघींचं पटत नाही.”

मी हसलो आणि त्याच क्षणी तुमचा झालो. त्यानंतर तुमचा एकही ब्लाउज दुसऱ्या कुणी शिवला नाही. डाव्या खांद्यात कापसाची घडी, उजव्या पाठीला जास्त कापड, खाली काठ सरळ. बायका म्हणायच्या, मास्टर, तुमच्या वहिनींचं काही कळूनच येत नाही. मी ते बक्षिसासारखं घ्यायचो. तुम्हाला ते कसं वाटतं हे मी कधी विचारलं नाही. त्यावर पुढे येतो, कारण त्यावर आपलं भांडण अजून बाकी आहे.

शाळेत मात्र तुम्ही काही लपवलं नाही. मला हे पूर्वानं सांगितलं. दर वर्षी पहिल्या तासाला तुम्ही वर्गाकडे पाठ करून उभ्या राहायच्या. “बघून घ्या. पाच मिनिटं देते. ज्याला हसायचंय त्यानं आत्ताच हसा, मग वर्षभर गणित आहे.” पाचवं मिनिट कधी लागायचं नाही म्हणे. दुसऱ्याच मिनिटाला पोरं कंटाळायची आणि एखादी म्हणायची, “मॅडम, शुरू करो ना.” वहिनी, मी गिऱ्हाइकासमोर बसतानासुद्धा टकलावर टोपी ठेवतो. हे धैर्य कुठून आणलंत?

आता माझी खरी चूक. तुम्ही ती कुणाला सांगितली नाहीत, म्हणून मलाच सांगावी लागते.

जून म्हणजे आमचा युनिफॉर्मचा हंगाम. तीन वर्षांपूर्वी पूर्वा आठवीत गेली, साडेबारा वर्षांची, ताडासारखी वाढत होती. तिचा कुर्ता बेतताना मला उजवा खांदा वर दिसला. मी काय केलं? शिंपी जे करतो ते केलं. डाव्या खांद्यात कॅनव्हासची पातळ घडी घातली, उजव्या बाजूची उंची पाऊण इंच जास्त धरली. कुर्ता असा बसला की मी संध्याला हाक मारून दाखवला. “बघ. अख्ख्या वर्गात असं फिटिंग नसेल.”

आदल्या वर्षी हाच फरक पाव इंच होता. म्हणजे वर्षात अर्धा इंच वाढला, हे माझ्या हातांना माहीत होतं. डोक्याला कुणी कळवलं नव्हतं. मला कधी कुणाचं अंग वाकडं दिसलंच नाही, वहिनी. मला फक्त कापड कमी पडलेलं दिसायचं.

रविवारी दुपारी तुम्ही दोरीवरचे कपडे काढून खाटेवर घड्या घालत होता. खाली तुम्ही आणि दादा, वर आम्ही, कारण जिना चढताना तुम्हाला धाप लागायची. पण कपडे दोन्ही घरांचे एकत्र वाळायचे. पूर्वाचा कुर्ता तुम्ही मधोमध दुमडलात. बाही बाहीवर बसली, काठ काठावर बसेना. झटकून परत दुमडलात. मग हात आत घालून खांदा चाचपलात.

“भाऊजी, जरा खाली या.”

मी आलो. तुम्ही कुर्ता माझ्यापुढे धरलात. “हा कुणाचा?”

“पूर्वाचा.”

“आणि हे माप कुणाचं?”

मी हसलो, देवा. “वहिनी, हल्लीच्या मुली दप्तर एका खांद्याला लावतात, मोबाईल बघत लोळतात. जरा तिरपेपणा येतो. मी मॅनेज केलं.”

“मॅनेज केलं,” तुम्ही म्हणालात. चुकीचं उत्तर अख्ख्या वर्गाला ऐकू जावं म्हणून शिक्षक परत म्हणतो ना, तसं.

पूर्वाला बोलावलंत. “बेटा, माझ्याकडे पाठ कर. पाय जुळव. हात जोड आणि गुडघे न वाकवता खाली वाक.”

“मोठी मम्मी, योगा आहे का?”

“योगाच आहे. हळू.”

तुम्ही खाटेवर बसून तुमचे डोळे तिच्या पाठीच्या उंचीवर आणलेत. मी मागे उभा होतो. ती वाकली आणि उजवीकडच्या बरगड्या वर आल्या, डावी बाजू खाली राहिली, आणि मधली मणक्यांची रांग जी सरळ खाली जायची ती मध्येच उजवीकडे जाऊन परत आली. मी त्या पाठीवर दर वर्षी टेप धरला होता. पण कपडे उभ्या माणसाचे शिवतात. तिला वाकवून मी कधी पाहिलं नव्हतं.

“ऊठ बेटा. जा, खेळ.” ती गेली. तुम्ही कुर्त्याची घडी घालायला घेतलीत आणि ती तशीच राहिली. “माझ्या वेळी कुणी वाकवून पाहिलं नाही,” तुम्ही म्हणालात. मग लगेच, “उद्या एक्स-रे.”

मी वाद घातला. दप्तर बदलू, पलंगाऐवजी चटईवर झोपवू, आपल्या इथल्या लालबागला एक पहिलवान आहे, मालिश करून हाडं बसवतो. गल्लीतली एक मावशी तर येऊन सांगून गेली की पोर मोठ्या काकूच्या सावलीत वाढली, म्हणून तिच्यावर गेली. तुम्ही तिला चहा दिलात आणि म्हणालात, “मावशी, हे सावलीनं लागत असतं तर माझ्या शाळेतून दर वर्षी चारशे वाकड्या पोरी निघाल्या असत्या.” मावशी गेल्यावर माझ्याकडे वळलात. “दप्तरानं पाठ दुखते, भाऊजी. वळत नाही. हे का होतं ते बऱ्याचदा डॉक्टरांनाही सांगता येत नाही. कधी होतं ते मात्र येतं. पोरी भराभर वाढतात त्या दोन-तीन वर्षांत. आणि पहिलवान तिच्या पाठीला हात लावेल तर मी त्याचा हात धरीन.”

एक्स-रे आला. तुम्ही तो खिडकीच्या काचेवर चिकटवलात, कंपासपेटी उघडलीत, आणि मला समजावू लागलात. सगळ्यात वर झुकलेला मणका कुठला, त्याच्या कडेनं एक रेघ. खाली सगळ्यात झुकलेला कुठला, त्याच्या कडेनं दुसरी. दोन्हींवर लंब टाकायचे, ते जिथं भेटतात तिथला कोन मोजायचा. मणके सरळ असते तर रेघा समांतर राहिल्या असत्या, कोन शून्य. तुम्ही कोनमापक लावलात. “अठ्ठावीस.”

“वहिनी, इंचात सांगा.”

“इंचात नसतं ते. कण्याला नुसतं वळण नसतं, पीळही बसतो. म्हणून बरगड्या वर येतात. तुमच्या टेपमध्ये पीळ कसा मावणार?”

इंदूरच्या डॉक्टरांनी एकोणतीस सांगितलं. तुम्ही माझ्याकडे विजयानं पाहिलंत. हाताच्या कामात एका अंशाचा फरक माफ असतो. ते म्हणाले, ह्याला स्कोलिओसिस म्हणतात. कमरेच्या हाडाकडे बोट दाखवून म्हणाले, “बच्ची की हाइट अभी बाकी है. जब तक बढ़ेगी, टेढ़ापन भी बढ़ सकता है. अभी ब्रेस लगेगा. सीधा करने का वादा नहीं करता, रोकने की कोशिश है.” रोखलं नाही आणि पंचेचाळीस-पन्नासकडे गेलं तर ऑपरेशन, मणक्यांना स्क्रू आणि सळ्या. पूर्वानं माझं बोट धरलं. साडेबारा वर्षांच्या पोरीनं बोट धरणं बंद केलं होतं, त्या दिवशी परत धरलं.

डॉक्टरांची नजर तुमच्याकडे गेली. “मैडम, आपका भी कभी...”

“मेरा पेपर कब का हो गया, डॉक्टर साहब. इसका अभी चल रहा है. इसका बताइए.”

निघताना तुम्ही एकच प्रश्न स्वतःसाठी विचारलात, आणि तोही असा की माझ्या लक्षात आलं नाही. बचपन में वजन उठाने से होता है क्या? ते म्हणाले, नहीं. बाहेर टपरीवर चहा आला, तुम्ही कप हातात धरून बसून राहिलात. मग सांगितलंत. शहापूरकडच्या तुमच्या गावी केळीच्या कापणीला तुम्हीही घड उचलायच्या, दहा-अकराच्या वयापासून. पुढं पाठ दिसायला लागली तेव्हा तुमच्या वडिलांनी दाराच्या चौकटीला तुम्हाला लोंबकळवलं, तेल चोळलं, नवस केले, आणि शेवटपर्यंत तुमच्या पाठीकडे बघून एकच म्हणत राहिले, “माहीच चूक हाये, बाई. घड उचलाया लावले तुले.”

“पस्तीस वर्षं तेच म्हणत होते,” तुम्ही म्हणालात. “मलाही तसंच वाटायचं, भाऊजी. मी मनातून त्यांना माफ केलं होतं. माफ करायला काही नव्हतंच.” चहा गार झाला होता, तो तुम्ही तसाच प्यायलात. पूर्वाला म्हणालात, “चल, तुला गोड खायला दराबा घेऊन देते घरी गेल्यावर.” दुसऱ्याच्या दुःखाला पाच मिनिटं आणि स्वतःच्याला दोन, असा तुमचा हिशेब.

ब्रेस म्हणजे जाड प्लास्टिकचं जॅकेट, अंगाचा प्लास्टरचा साचा घेऊन बनवलेलं. मागे तीन पट्टे. आत उजव्या बरगड्यांवर दाबणारा एक उंचवटा, त्याच्या विरुद्ध बाजूला पोकळी, म्हणजे पाठीला दुसरीकडे सरकायला जागा. दिवसाचे वीस तास. आणि बुरहानपूरचा उकाडा. मी लगेच कामाला लागलो, इथं माझा उपयोग होता. आतून शिवण नसलेल्या, उलट्या बाजूनं जोडलेल्या मऊ बनियनी मी तिला बारा शिवून दिल्या, वळ उठू नयेत म्हणून. तुम्ही एक उलटसुलट करून पाहिलीत आणि म्हणालात, “भाऊजी, ही तुमची आयुष्यातली सगळ्यात चांगली शिलाई.” मी तीन दिवस हवेत होतो.

आणि हवेतूनच खाली पडलो. पूर्वा रडायची. “पप्पा, इथं टोचतंय. रोज इथंच. एकदम टॉर्चर आहे.” बोट त्या उंचवट्यावर. आता तुम्ही मला सांगा, तीस-पस्तीस वर्षं बायकांचे ‘इथं टोचतंय’ ऐकून मी काय करत आलोय? तुम्ही शाळेत असताना मी ते जॅकेट दुकानात नेलं, आतला पॅड धारदार पात्यानं तासला, वर मऊ फोम चिकटवला, कड इतकी सफाईनं बसवली की कंपनीलाही कळलं नसतं. पूर्वा म्हणाली, “पप्पा, तुम्ही बेस्ट आहात.” ते ऐकायला मी काहीही केलं असतं. केलंच.

चार महिन्यांनी एक्स-रे. चौतीस.

डॉक्टर गोंधळले. वीस तास घालते ना? घालते. पट्टे घट्ट? घट्ट. तुम्ही जॅकेट मांडीवर घेऊन आत हात फिरवत होता, आणि तुमची बोटं एका जागी थांबली. मला त्या कुर्त्याचा खांदा आठवला. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि मी जमिनीकडे.

ओरडला असतात तर बरं झालं असतं. कॉरिडॉरमध्ये मला बाजूला घेऊन तुम्ही हळू म्हणालात, “ते टोचायलाच हवं होतं, भाऊजी. तेवढंच तर त्यातलं औषध. बाकी सगळं डबा आहे.”

“मला तिचं रडणं बघवेना, वहिनी.”

“मला बघवतं असं वाटतं तुम्हाला?” मग म्हणालात, “डॉक्टरांना मी सांगते. पूर्वाला तुम्ही सांगायचं. आज.”

मी म्हटलं, पोरगी माझ्यावरचा विश्वास घालवेल. तुम्ही म्हणालात, “घालवेल. परत कमवा. ती जन्मभर हे समजून चालेल की तिचं अंगच ऐकत नाही, त्यापेक्षा बाप चुकला हे कळलेलं बरं.” त्या वेळी तुमच्या डोळ्यांसमोर तुमचे वडील होते, हे मला आत्ता, लिहिताना कळतंय. तेव्हा मला फक्त भीती वाटली.

सांगितलं. पूर्वा आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. वर्गातल्या मैत्रिणी फ्रॉक घालून लग्नाला गेल्या त्या संध्याकाळी तिनं नवं जॅकेट भिंतीवर फेकलं, मला नको, ऑपरेशन करा, काहीही करा. तेव्हा तुम्ही जिना चढून वर आलात, मध्ये दोनदा थांबून, आणि संध्याला म्हणालात, दार लाव. मी बाहेर. आत काय झालं ते मला संध्यानं नंतर सांगितलं. तुम्ही पोरीपुढे पदर काढलात, ब्लाउज काढलात, आणि पाठ करून बसलात. ज्या पाठीचा मी इंच न् इंच लिहून ठेवला होता ती मी कधी पाहिली नाही, तिनं पाहिली. “हात लाव,” तुम्ही म्हणालात. “ही ऐंशीच्या पुढची आहे. मी ह्या पाठीनं नोकरी केली, तुझ्या मोठ्या पप्पांशी संसार केला, तुला न्हाऊ घातलं. वाईट काही नाही हिच्यात. पण ही श्वास घेऊ देत नाही, बेटा. तुला घेता यावा म्हणून हे जॅकेट. तुला नको असेल तर नको. पण बघून मग ठरव.”

दार उघडलं तेव्हा पूर्वानं जॅकेट घातलेलं होतं आणि ती तुमचे हुक लावत होती.

दुसऱ्या सकाळपासून डॉक्टरांनी शिकवलेले व्यायाम तुम्ही तिच्याबरोबर करायला लागलात. एका कुशीवर तोल धरायचा, दबलेल्या बाजूत श्वास भरायचा. अठ्ठावन्नाव्या वर्षी. मी विचारलं, “वहिनी, तुमचं काय सरळ होणार आता?” तुम्ही चटईवरूनच उत्तर दिलंत, “माझं काही होणार नाही. पण एकटीला करायला लावलं तर ती चुकवेल, माझ्यापुढे चुकवायची हिंमत कुणाची आहे?” अडीच वर्षं. एक दिवस तुम्ही चुकवला नाहीत. मी तुमच्यासोबत दोन दिवस केले, तिसऱ्या दिवशी माझी कंबर धरली आणि तुम्ही दोघींनी मिळून मला शेक दिला.

आता आपलं भांडण. त्या पदर काढलेल्या दिवसानंतर तुम्ही मला म्हणालात, “भाऊजी, पुढच्या ब्लाउजात कापूस नको.” मी म्हटलं, “खांदा दिसेल.” “दिसू दे. पोरीला सांगते लाजू नको, आणि स्वतः कापूस भरून फिरते, हे बरं दिसत नाही.” मी हो म्हटलं. आणि घडी घातलीच, फक्त अर्धी. मला वाटलं, तुमच्यासाठी घालतोय. खरं सांगतो, माझ्या दुकानाचं नाव म्हणून घालत होतो. मास्टरच्या घरातल्या बाईचा ब्लाउज झुकलेला दिसणार, हे मला सोसवत नव्हतं. तुम्ही काही बोलला नाहीत, मला वाटलं, कळलं नाही.

मागच्या आठवड्यात संध्यानं तुमचं कपाट आवरायला घेतलं आणि मला हाक मारली. मागच्या अडीच वर्षांतले सगळे ब्लाउज. प्रत्येकाच्या डाव्या खांद्याचं अस्तर तुम्ही उसवलं होतं, आतली घडी काढून टाकली होती आणि परत शिवलं होतं. कसे टाके, वहिनी. एक पूर्वेला, एक पश्चिमेला, मध्ये गाठ. गणिताच्या बाईचे टाके. मी खाली बसलो. संध्याला वाटलं रडतोय. मी तेव्हा हसत होतो, रडलो नंतर. अडीच वर्षं तुम्ही मला एका शब्दानं न दुखावता माझी चूक रोज उसवत होता. भांडण तुम्ही जिंकलात, मला न सांगता. ह्यावर माझं उत्तर तयार आहे, पण ऐकायला कुणी नाही. उत्तर एवढंच की मी तुम्हाला कधीतरी विचारायला हवं होतं. पहिल्या ब्लाउजाच्या दिवशीच.

थंडीत तुम्हाला खोकला झाला. डॉक्टर म्हणाले, एका बाजूच्या फुप्फुसाला जागाच कमी आहे. चौथ्या दिवशी तुम्ही नळीतून श्वास घेत विचारलंत, “पूर्वाची तारीख केव्हाची?” इंदूरची तारीख. मी म्हटलं, “अजून महिना आहे, तुम्ही येणारच आहात.” तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, चुकीच्या उत्तराकडे बघतात तसं. आणि त्या एका वेळी दुरुस्त केलं नाहीत.

परवा आम्ही गेलो, वहिनी. दादाही आला. तो कधी येत नसे, ह्या वेळी तुमच्या सीटवर बसला. डॉक्टरांनी तुम्हाला शोधलं, मग समजले आणि क्षणभर पेन खाली ठेवलं. एक्स-रे लावला. कमरेचं हाड दाखवलं, वाढ संपली आहे. रेघा काढल्या. बत्तीस.

“रुक गया,” ते म्हणाले. “सीधा नहीं है, पर रुक गया. ऑपरेशन की बात अब नहीं. दिन में ब्रेस बंद. रात को कुछ महीने और.”

दादा म्हणाला, “बत्तीस.” मग बाहेर येऊन परत म्हणाला, “बत्तीस.” दादानं एकाच दिवसात तोच शब्द दोनदा म्हटला, ह्यावरून समजा.

परतीच्या बसमध्ये जॅकेट वरच्या रॅकवर होतं आणि पूर्वा माझ्या शेजारी. असीरगड यायच्या आधीच ती झोपली आणि तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी सवयीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. अडीच वर्षं त्या पाठीवर थाप मारली की पेटीसारखा टक् आवाज यायचा, मी थाप मारणंच सोडून दिलं होतं. आवाज आला नाही. पातळ कुर्ता आणि आत पोर. उजवीकडे बरगड्यांचा उंचवटा, डावीकडे खोलगट, आणि दोन्ही बाजू श्वासाबरोबर वर येत होत्या. दोन्ही, वहिनी. मी मोजत बसलो.

“पप्पा, हात काढा ना,” ती झोपेतच म्हणाली. “गरम होतंय.”

मी हो म्हटलं, आणि बुरहानपूर येईपर्यंत काढला नाही.